दुसरा प्रश्न

भाषा शिकणाऱ्याच्या पहिल्या दिवसांचं सगळ्यांना कौतुक असतं. रंग, वार, महिने, शंभरपर्यंतचे आकडे घरभर घुमत असतात. शेवटच्या टप्प्याचंही कौतुक होतं. परक्या भाषेत कादंबऱ्या वाचणारा, त्या भाषेत वाद घालणारा माणूस चारचौघांत उठून दिसतो. या दोहोंच्या मधे मात्र फार मोठा प्रदेश पसरलेला असतो. तिथे नवलाई ओसरलेली असते आणि सहजता अजून आलेली नसते. शाळेच्या भाषेत त्याला ‘इंटरमीजिएट’ म्हणतात. माझी मुलगी सध्या त्या प्रदेशात राहते आहे. फ्लोरिडातल्या ऑरलँडोजवळच्या आमच्या घरी, आपल्या खोलीतल्या टेबलाशी बसून ती ऑनलाइन वर्गात ‘स्पॅनिश २’ शिकते. ती दहावीत आहे. तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसता बसता मीही त्यात ओढली गेले.

ही भाषा इथे दाराबाहेरच उभी आहे. फ्लोरिडा हे नावच स्पॅनिश. १५१३ साली, ईस्टरच्या दिवसांत ह्वान पोन्से दे लेओनची जहाजं या किनाऱ्याला लागली आणि ‘पास्क्वा फ्लोरिदा’ या फुलांच्या सणावरून त्याने या भूमीला नाव दिलं. १५६५ साली स्पॅनिश लोकांनी वसवलेलं सेंट ऑगस्टीन आजही नांदतं आहे. इंग्रजांचं जेम्सटाउन त्यानंतर बेचाळीस वर्षांनी उभं राहिलं. म्हणजे इथल्या वाऱ्याने इंग्रजीच्या आधी स्पॅनिश ऐकली. आज मायामीत क्यूबाहून आलेल्यांची स्पॅनिश आहे, आमच्या ऑरलँडो-किसिमीच्या पट्ट्यात पोर्तो रिकोची, आणि सगळीकडे व्हेनेझुएला, कोलंबिया, मेक्सिकोची. छपरं दुरुस्त करायला येणारे गडी, दवाखान्यातल्या परिचारिका, मुलीच्या वर्गातल्या निम्म्या मैत्रिणींच्या आज्या, सगळ्यांच्या बोलण्यात ती आहे. आम्ही कित्येक वर्षं तिच्या शेजारून नुसते जात होतो.

ऑनलाइन शाळा हे फ्लोरिडात साथीच्या काळात आलेलं खूळ नव्हे. ‘फ्लोरिडा व्हर्च्युअल स्कूल’ ही राज्याची सार्वजनिक ऑनलाइन शाळा १९९७ साली सुरू झाली, तेव्हा घरोघरी इंटरनेटसुद्धा नव्हतं. गावातल्या शाळेत जो विषय नाही किंवा वेळापत्रकात जो बसत नाही, तो मुलं अशा शाळांमधून घेतात. इथल्या सरकारी विद्यापीठांच्या प्रवेशासाठी एकाच परक्या भाषेची सलग दोन वर्षं लागतात. त्यामुळे ‘स्पॅनिश १’ आणि ‘स्पॅनिश २’ हे जोडनाव प्रत्येक दहावीच्या मुलाच्या तोंडी असतं. दोन संपलं की सुटलो, असंही बहुतेकांच्या तोंडी असतं.

अशा वर्गात बाक नसतात, कुजबुज नसते, पुढच्या मुलीच्या वहीत डोकावायची सोय नसते. धडा पडद्यावर उलगडतो, त्यामागून संवाद ऐकायचे, रिकाम्या जागा भरायच्या, आणि मग स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करून पाठवायचा. या शेवटच्या कामाला माझी मुलगी सगळ्यात जास्त वेळ देते. परिच्छेद वाचते, ऐकते, पुसते, पुन्हा वाचते. बंद दाराआडून तेच वाक्य वेगवेगळ्या हेलांत येत राहतं. वर्गात तीस मुलांमधे जे वाक्य एकदा पुटपुटून सुटलं असतं, ते इथे तिच्या कानावर वारंवार पडतं, आणि हळूहळू त्यातला बिचकलेपणा गळून पडतो. स्वतःचा आवाज परक्या भाषेत ओळखीचा वाटू लागणं ही शिक्षणातली फार मोलाची घटना आहे. ती एकांतात घडते, म्हणून गुणपत्रिकेत तिच्यासाठी रकाना नसतो.

प्रत्येक घटकाच्या शेवटी शिक्षिकेचा फोन येतो. त्या राज्याच्या दुसऱ्या टोकाला राहतात. शिकलेल्या भागावर त्या मुलीशी बोलतात, अर्थात स्पॅनिशमधे. पहिल्या फोनच्या वेळी मी स्वयंपाकघरात होते आणि माझं लक्ष भाजीकडे नव्हतं. मुलगी एक वाक्य सुरू करायची आणि मधेच थबकायची. क्रियापदाचं रूप डोक्यात जुळवत असायची. त्या वेळी फोनवर पलीकडून काहीच आवाज यायचा नाही. शिक्षिका थांबायच्या. शब्द पुरवायच्या नाहीत, घाई करायच्या नाहीत, इंग्रजीत उतरायच्या नाहीत. मग वाक्य पूर्ण व्हायचं, आणि पलीकडून त्याच वाक्यावर पुढचा प्रश्न यायचा. शिकवण्याच्या अनेक कला असतात, त्यांत ही थांबण्याची कला मला सर्वांत अवघड वाटते. मी स्वतः त्या जागी असते तर तो शब्द माझ्या ओठांवरून केव्हाच निसटला असता.

अमेरिकेतल्या भाषाशिक्षकांची ‘ॲक्टफल’ नावाची संघटना आहे. भाषेवरच्या पकडीच्या तिने मोठ्या पायऱ्या ठरवल्या आहेत: नॉव्हिस, इंटरमीजिएट, ॲडव्हान्स्ड, सुपीरियर आणि डिस्टिंग्विश्ड. नॉव्हिस माणूस पाठ केलेले शब्द आणि वाक्यं वापरतो. इंटरमीजिएट माणूस स्वतःची वाक्यं रचतो, आणि साधे का होईना, प्रश्न विचारतो. हे वाचलं तेव्हा ती थांबण्याची जागा मला नीट दिसली. पहिला प्रश्न कोणालाही पाठ करता येतो. ‘तुम्ही कुठल्या?’ हे प्रवासी पुस्तकाच्या पहिल्याच पानावर असतं. समोरचा माणूस उत्तर देतो, आणि पुस्तक तिथे संपतं. त्या उत्तरात शिरून, त्यातला एखादा धागा पकडून दुसरा प्रश्न विचारायला पुस्तक चालत नाही. तिथे ऐकलेलं समजावं लागतं, आणि जे आधी कोणी लिहून ठेवलेलं नाही असं वाक्य आपलं आपल्याला घडवावं लागतं. माणसामाणसांतलं बोलणं खऱ्या अर्थाने या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू होतं. मधल्या पातळीवर हाती येतं ते हे.

स्पॅनिशच्या बाबतीत मराठी घराकडे एक ठेवा असतो, तो आमच्या लक्षात उशिरा आला. इंग्रजीतून शिकणारी मुलं ‘मे गुस्ता ला युविया’ या वाक्यापाशी अडखळतात. इंग्रजीत ज्याला आवडतं त्या माणसाला कर्त्याची जागा असते, स्पॅनिशमधे ती आवडलेल्या गोष्टीला. वाक्य जसंच्या तसं ‘मला पाऊस आवडतो’. पाऊस एकच, म्हणून ‘गुस्ता’. आंबे अनेक, म्हणून ‘मे गुस्तान लोस मांगोस’, मला आंबे आवडतात. वाटणं, दुखणं, कमी पडणं, भीती वाटणं, या सगळ्या गोष्टी दोन्ही भाषांमधे माणसाकडे येतात. माणूस त्या करत नाही. मुलीने हा धडा शिकताना मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “आई, हे तर आपल्यासारखंच आहे.” त्या ‘आपल्या’मधे मराठी होती. शाळेच्या अभ्यासात घरची भाषा कामी येण्याचा प्रसंग या देशात वाढणाऱ्या मुलांच्या वाट्याला क्वचित येतो. त्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर श्रीमंती होती.

उच्चारांचंही तसंच. स्पॅनिशचे पाच स्वर मराठी कानाला सरळ लागतात. तिचे त आणि द आपल्या त-द सारखे दातांशी होतात, प आणि क इंग्रजीसारखे श्वास सोडत नाहीत. माझ्या सासूबाई व्हिसाच्या सहा महिन्यांसाठी नाशिकहून आल्या होत्या, तेव्हा नातीने आपल्या वहीतला एक परिच्छेद त्यांना देवनागरीत लिहून दिला. त्यांनी चष्मा लावून पोथी वाचावी तसा तो सावकाश वाचला: ‘क्वांदो एरा नीन्या…’ अर्थ ठाऊक नव्हता, तरी उच्चार इतके स्वच्छ होते की नात टाळ्या वाजवत राहिली. स्पॅनिशचं लिखाण बोलण्याशी बरंच प्रामाणिक आहे, आणि देवनागरीची सवय असलेल्या माणसाला हा प्रामाणिकपणा अपेक्षितच असतो.

‘क्वांदो एरा नीन्या’ म्हणजे ‘मी लहान होते तेव्हा’. ‘स्पॅनिश २’च्या वर्गांत हा निबंध बहुधा लिहावा लागतो, कारण या वर्षाच्या केंद्रस्थानी असतात दोन भूतकाळ. पहिलं वर्ष प्रामुख्याने वर्तमानात जातं: मी राहते, मी खाते, मला आवडतं. दुसऱ्या वर्षी भाषा मागे वळून पाहायला शिकवते, आणि मागे पाहण्याच्या दोन तऱ्हा आहेत असं सांगते. एक ‘प्रेतेरितो’: घडलं आणि संपलं. दुसरा ‘इम्परफेक्तो’: घडत असे, चालू होतं, तसं असायचं. इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना यासाठी तक्ते पाठ करावे लागतात. मराठी माणसाच्या जिभेवर हा भेद जन्मापासून आहे. गेले आणि जायचे, पडला आणि पडायचा, केलं आणि करत असू. व्याकरणात आपण त्याला रीतिभूतकाळ म्हणतो आणि शाळा सुटली की विसरतो, पण आजोळच्या आठवणी सांगताना एकही माणूस त्याच्यात चुकत नाही.

या भेदाची खोली एका ठिकाणी मला फार जाणवली. स्पॅनिशमधे ‘साबेर’, म्हणजे माहीत असणं, हे क्रियापद इम्परफेक्तोमधे घातलं तर ‘माहीत होतं’ असा अर्थ होतो. प्रेतेरितोमधे घातलं तर ‘कळलं’. ‘कोनोसेर’चंही तसं: एका रूपात ‘ओळखत होते’, दुसऱ्या रूपात ‘ओळख झाली’. माहीत असण्याचा संथ काळ आणि कळण्याचा एक क्षण, दोन्ही एकाच क्रियापदाच्या पोटात. मुलगी म्हणाली, “म्हणजे काळ बदलला की गोष्टच बदलते.” पंधरा वर्षांच्या मुलीला हे व्याकरणाच्या तासाला समजलं. वयाच्या कितीतरी पुढच्या टप्प्यावर, घरातलं कोणी गेल्यावर किंवा गाव सुटल्यावर, माणसांना ते समजतं.

निबंधासाठी तिला घरातल्या वडीलधाऱ्या माणसाची मुलाखत घ्यायची होती. आजी समोरच होती. वही मांडीवर घेऊन तिने विचारलं, “आजी, तू लहान असताना रोज सकाळी काय करायचीस?”

“रोजचं काय सांगायचं गं त्यात? पाणी भरायचे, दुसरं काय.”

“कुठून?”

“विहिरीवरून. उन्हाळ्यात ती आटायची, मग ओढ्यात झिरा खणायचो. त्यात पाणी साचेपर्यंत बसून राहायचो. धाकटी वाटीवाटीनं कळशी भरायची, मी डोक्यावर चुंबळ ठेवून न्यायचे.”

सासूबाईंचं माहेर मनमाड-येवल्याच्या मधल्या कोरड्या पट्ट्यात. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांच्या माहेरी मी किती वेळा राहून आले, पण झिऱ्यापाशी पाणी साचायची वाट पाहत बसलेल्या त्या मुली मला त्या दुपारी पहिल्यांदा भेटल्या. आम्ही वडीलधाऱ्यांना ‘काय झालं’ हे विचारत असतो: शिक्षण कितवीपर्यंत झालं, लग्न केव्हा झालं, घर केव्हा बांधलं. ‘काय असायचं’ हे कोण विचारतं? परक्या भाषेच्या एका काळाने तो प्रश्न नातीच्या हाती दिला. तिला इम्परफेक्तोची दहा वाक्यं हवी होती, आणि आजीकडे सगळं बालपण त्याच काळात साठवलेलं होतं.

मग आजीने स्वतःहून काळ बदलला. “बहात्तर साली मात्र पाऊस पडलाच नाही,” त्या म्हणाल्या. वाक्यातलं क्रियापद ऐकून नातीने पेन थांबवलं आणि वहीत नवा परिच्छेद सुरू केला. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातल्या लाखो माणसांनी सरकारी कामांवर खडी फोडली, रस्ते आणि तलाव केले. सुकडी खाल्ली, अमेरिकेतून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी थापल्या. त्या कामांतूनच पुढे रोजगार हमी योजना आकाराला आली. सासूबाई तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या. त्याही खडी फोडायला जायच्या. मिलोची भाकरी खाताना, तो देश कुठे आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. आता त्या त्याच देशात नातीला ती चव सांगत होत्या.

आमच्या घरापासून दोन दारं सोडून पोर्तो रिकोच्या एक वयस्क बाई राहतात. २० सप्टेंबर २०१७ ला मारिया नावाचं चक्रीवादळ त्यांच्या बेटावरून गेलं. सगळ्या बेटाची वीज गेली आणि डोंगरातल्या काही वस्त्यांना ती परत मिळायला वर्ष होत आलं. त्यानंतर फ्लोरिडात आलेल्या हजारो कुटुंबांमधलं एक त्यांचं. त्या मुलीला ‘नेना’ म्हणजे पोरी अशी हाक मारतात, आणि मुलगी त्यांच्याशी ‘उस्तेद’ वापरून अदबीने बोलते. आपण परक्या थोरांना तुम्ही म्हणतो तसं. एका संध्याकाळी त्या कॉफी प्यायला आल्या. दोन वृद्ध बायका समोरासमोर बसल्या, एकीला मराठी, दुसरीला स्पॅनिश, आणि मधे ‘स्पॅनिश २’ शिकणारी मुलगी.

आधी पहिले प्रश्न झाले. कुठल्या, मुलं किती, गुडघे कसे आहेत. नंतर मुलीने, कोणी सांगितलं नसताना, शेजारीणबाईंना विचारलं, “इ कोमो एरा?” आणि तिथे कसं असायचं? त्या बाई खुर्चीत मागे टेकल्या आणि बोलायला लागल्या. डोंगरावरचं घर, अंगणातली कॉफीची झाडं, अमुक वाजता येणारा पाववाला. सगळं इम्परफेक्तोमधे, संथ. मग वादळाची रात्र आली आणि त्यांची क्रियापदं तुटक झाली. ‘से फ्वे ला लूस.’ मुलीने क्षणाचाही विचार न करता आजीला सांगितलं, “लाईट गेली.” पोर्तो रिकोची माणसं विजेला उजेडच म्हणतात आणि तो निघून जातो असंच म्हणतात. नंतरचे कित्येक महिने त्या रस्त्याकडेच्या झऱ्यावरून बादल्यांनी पाणी आणायच्या, हे ऐकताच सासूबाई सरसावून बसल्या. “सांग तिला,” त्या म्हणाल्या, “आमच्याकडंही.”

मुलीला ‘दुष्काळ’साठी शब्द माहीत नव्हता. तिने शब्दकोश उघडला नाही. ती म्हणाली, एका वर्षी पाऊस पडला नाही, ‘नो योव्यो’. पुढच्या महिन्यांतही पडत नव्हता, ‘नो योविया’. विहिरीत पाणी नव्हतं, शेतात काही नव्हतं, बायका रस्त्यावर दगड फोडायच्या. शेजारीणबाईंनी तिला तो नेमका शब्द दिला नाही. त्या ऐकत राहिल्या. मला तेव्हा वाटलं, तो शब्द तिच्याकडे असता तर ती एका शब्दात सांगून मोकळी झाली असती. तो नव्हता, म्हणून तिला पाऊस, विहीर, शेत, दगड एकेक करून मांडावे लागले, आणि ते वर्ष त्या टेबलावर उभं राहिलं. मधल्या पातळीचं बोलणं असं घडतं. माणूस शब्दांना वळसा घालतो आणि त्या वळशात गोष्टच अधिक सांगितली जाते.

शेजारीणबाईंनी विचारलं, मदत कोण करायचं? सासूबाईंनी बहिणींची नावं सांगितली. बोलता बोलता त्यांनी दुष्काळाआधीच्या काळातलं आणखी एक नाव घेतलं: फादर फेरर. “ते तुझ्या भाषेच्या देशातले होते,” त्या नातीला म्हणाल्या. बार्सिलोनात जन्मलेले विसेंते फेरर १९५२ साली जेझुइट म्हणून भारतात आले आणि पुढे मनमाडच्या आसपास त्यांनी विहिरी आणि शेतीसाठी शेतकऱ्यांना बळ दिलं. त्यांच्या कामाचा प्रभाव काहींना खुपला आणि १९६८ मधे त्यांना देश सोडायला सांगण्यात आलं, तेव्हा त्यांच्यासाठी हजारो शेतकरी मोर्च्याने निघाले. नंतर परतण्याची परवानगी मिळाली ती आंध्रातल्या अनंतपूरसाठी. तिथेच त्यांनी उरलेलं आयुष्य वेचलं आणि २००९ साली तिथेच देह ठेवला. मुलीने हे सगळं जमेल तसं स्पॅनिशमधे सांगितलं. ती ज्या भाषेचा अभ्यास करते आहे ती बोलणारा एक माणूस आपल्या आजीच्या मुलखात, आजी लहान असताना, पाण्यासाठी खपत होता, हे कुठल्याही अभ्यासक्रमात नव्हतं. ते कळायला एक आजी लागली, एक शेजारीण लागली, आणि भाषेचं दुसरं वर्ष लागलं.

मे महिन्यात तिचा ‘स्पॅनिश २’ संपेल. विद्यापीठाची अट पूर्ण होईल. तिच्या बरोबरीची बहुतेक मुलं इथेच थांबतील, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. कारण दोन वर्षांत ती ज्या ठिकाणी पोचतात, तिथून माणसांच्या घरांत जायची वाट निघते. या राज्यात तर त्या वाटेवर पावलोपावली घरं आहेत. ज्यांच्या आठवणींना दोन भूतकाळ आहेत अशी माणसं इथे किराणा दुकानाच्या रांगेत उभी असतात. अट पूर्ण करून परतणारी मुलं त्या माणसांच्या उंबऱ्यापर्यंत येऊन माघारी फिरतात.

माझ्या मुलीने पुढच्या वर्षासाठी ‘स्पॅनिश ३’ निवडला आहे. त्यात ‘सुबखुंतिवो’ येतो: इच्छा, शंका, विनंती, अजून न घडलेल्या गोष्टी. ‘किएरो के बेंगास’, तू यावंस असं मला वाटतं. मराठीतलं ‘यावं’, ‘असावं’, ‘व्हावं’ हे सगळं तिथे तिची वाट पाहत आहे. दुसऱ्या वर्षाने तिला आठवण दिली. तिसरं वर्ष इच्छा देईल. या दोन गोष्टी बोलता आल्या की माणूस त्या भाषेत राहू लागतो, मग शब्दसंग्रह कितीही लहान असो.

हे सगळं पाहताना माझी तिच्या मराठीकडे बघण्याची नजर बदलली. इथे वाढणाऱ्या मुलांची मराठी हीसुद्धा मधल्या पातळीचीच भाषा आहे. मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत आम्ही पालक तिची फार काळजी करतो: लिंग चुकतं, म्हणी येत नाहीत, जोडाक्षरं वाचता येत नाहीत. रविवारच्या मराठी शाळांमधे कितीतरी स्वयंसेवक शिक्षक वर्षानुवर्षं निष्ठेने हे शिकवतात, आणि ते शिकवायलाच हवं. पण त्या मुलांना ‘आजी, तू काय करायचीस?’ हे विचारता येतं, उत्तर समजतं, आणि त्या उत्तरावर आणखी विचारता येतं. एवढी मराठी पुष्कळ आहे. ती वाढेल ती उत्तरं देणाऱ्यांच्या जोरावर. आजी-आजोबा व्हिडिओ कॉलवर येतात तेव्हा ‘जेवलीस का, अभ्यास झाला का’ एवढ्यावर तो संपू नये. नातवंडांना रीतिभूतकाळातल्या लांबलचक, बिनमहत्त्वाच्या वाटणाऱ्या गोष्टी सांगाव्यात: दिवाळीत काय व्हायचं, दप्तर कशाचं असायचं, भांडण झालं की कोण मिटवायचं. आणि मूल शब्द शोधत थबकलं, तर तो चटकन पुरवू नये.

मी आता फोनवरच्या त्या शिक्षिकेकडून हे शिकते आहे. मुलगी मराठीत अडली की मी थांबते. तिला लागेल तेवढा वेळ देते. वळसा घेऊन का होईना, तिचं वाक्य पूर्ण होतं, आणि त्यात पुष्कळदा असं काही निघतं जे माझ्या नेमक्या शब्दाने झाकून टाकलं असतं. मधल्या पातळीवरच्या माणसाला सगळ्यात जास्त गरज असते ती ऐकायला सवड असलेल्या माणसाची. ती सवड ज्या घरात मिळते, त्या घरात भाषा पुढच्या पिढीपर्यंत पोचते. मग ती मराठी असो नाहीतर स्पॅनिश.